ग्वेयू ओळखावा कसा, शोधावा कुठे: दबा धरून बसणाऱ्या चिनी माशाची सविस्तर ओळख

चीनमधल्या सुझोऊ शहराच्या मासळीबाजारात पाण्याचे टप ओळीने मांडलेले असतात. आपल्या रोहूचे भाऊबंद शोभतील असे कार्प मासे एकमेकांच्या अंगावर उसळत असतात, कोळंबी चुळबुळत असते, आणि एखाद्या टपात मात्र काहीच हलत नसतं. वाकून पाहिलं की तळाशी चार-सहा ठिपकेदार मासे टेकून बसलेले दिसतात. फक्त कल्ल्यांची झाकणं संथपणे उघडमीट करत असतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, मरायला टेकलेला माल आहे. भाव विचारला तर बाजारातल्या सगळ्यात महाग माशांपैकी तो एक निघाला. हाच ग्वेयू.

माझं लहानपण रायगडातलं, म्हणजे जिताड्याच्या मुलखातलं. शिकारी मासा म्हटला की चपळ, उसळणारा, जाळं फाडणारा, असं डोक्यात बसलेलं. या माशाने ते चित्र पुसलं. त्याची एकच गोष्ट आधी पक्की करून घ्या, बाकी सगळं तिच्यातून उलगडत जातं: हा मासा स्वतः होता होईल तो हलत नाही, आणि जे हलत नाही ते खात नाही. त्याचं तोंड, रंग, राहण्याची जागा आणि मासे पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्याचा ताप, सगळं इथूनच येतं.

आधी नावाचा घोळ मिटवा

इंग्रजीत याला ‘मँडरिन फिश’ म्हणतात. ते नाव इंटरनेटवर शोधलंत तर निळ्या-केशरी नक्षीचा, बोटाएवढा समुद्री मासा समोर येईल. तो प्रवाळांत राहणारा शोभेचा मासा आहे, त्याचा आपल्या माशाशी काडीचाही संबंध नाही. शास्त्रीय नावाने शोधा: सिनिपर्का चुआत्सी. ‘सिनि’ म्हणजे चिनी आणि ‘पर्का’ म्हणजे पर्च. १८५५ मध्ये बासिलेव्स्की या रशियन अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला युरोपातल्या पर्चच्याच प्रजातीत टाकलं होतं. आज त्याला आणि त्याच्या पूर्व आशियातल्या नातलगांना वेगळ्या कुळात धरतात. म्हणजे ‘चिनी पर्च’ हे नाव रूढ आहे, पण तो खरा पर्च नव्हे.

चिनीत ‘ग्वेयू’ हा उच्चार सगळीकडे चालतो. ‘यू’ म्हणजे मासा. ‘ग्वे’ मात्र पाट्यांवर दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेला दिसतो. मूळ अक्षर किचकट असल्यामुळे लोक त्याच उच्चाराचं सोपं अक्षर वापरतात. योगायोग असा की ‘श्रीमंत, मोलाचा’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तोच, आणि ‘यू’चा ध्वनी ‘शिल्लक, बरकत’ या शब्दाशी जुळतो. त्यामुळे सणाच्या ताटात हा मासा शुभ. ईशान्य चीनमध्ये गेलात तर तोच ‘आओहुआ’ होतो आणि आमूर नदी ओलांडून रशियात ‘आउखा’.

तोंडापासून सुरुवात करा

मासा ओळखताना आपण आधी रंग पाहतो. इथे तोंड पाहा. खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला असतो, त्यामुळे मासा कायम हनुवटी वर करून बसल्यासारखा दिसतो. वरच्या जबड्याचं हाड मागे किती जातं ते बघा: डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत किंवा त्याच्याही पलीकडे. तोंड उघडलं की एवढ्याशा माशात एवढी मोठी गुहा कशी, असं वाटतं. दात बारीक पण टोकदार असतात, ते चावण्यासाठी नसून आत आलेलं सावज निसटू नये म्हणून असतात.

मग शरीर. बाजूने चपटं आणि उंच, डोक्यामागून पाठ एकदम वर चढलेली. कोकणातल्या वाचकाला सांगायचं तर हेकरूची आठवण येईल अशी ठेवण, फक्त पाठीचा उंचवटा जास्त आणि मासा गोड्या पाण्यातला. खवले अगदी बारीक असतात, हात फिरवला तर अंग जवळजवळ गुळगुळीत लागतं. पण हात फिरवू नका, कारण पुढे सांगतो.

रंग पिवळसर हिरवा किंवा शेवाळी, पोट पांढुरकं. अंगभर तपकिरी-काळे वेडेवाकडे डाग. या पसाऱ्यात दोन खुणा हमखास शोधायच्या. एक, नाकाच्या टोकापासून डोळ्यातून आरपार जाऊन पाठीच्या पराच्या सुरुवातीपर्यंत पोचणारी काळी तिरकी रेघ. ही रेघ डोळा लपवते. सावजाला सगळ्यात आधी डोळा दिसतो आणि तोच इथे हरवतो. दोन, पाठीच्या मधल्या काट्यांखालून खाली उतरणारा एक रुंद गडद पट्टा. पाठीच्या मागच्या मऊ परावर, शेपटीवर आणि पोटामागच्या परावर ठिपक्यांच्या ओळी असतात. टपात पाणी गढूळ असेल तर डाग फिके वाटतात, पण डोळ्यातली रेघ सहसा सुटत नाही.

आकाराचं म्हणाल तर बाजारात अर्धा ते पाऊण किलोचा मासा नेहमीचा. नैसर्गिक पाण्यात तो साधारण ६५ सेंटिमीटर आणि ८ किलोपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत.

काटे बघायचे, धरायचे नाहीत

पाठीच्या पराच्या पुढच्या भागात १२ ताठ काटे. पोटामागच्या पराला ३. पोटाच्या दोन परांना एकेक. बेरीज १७, आणि या सतराही काट्यांच्या आवरणात विष असतं. जुन्या चिनी लिखाणात पाठीच्या १२ काट्यांची सांगड वर्षाच्या १२ महिन्यांशी घातलेली आढळते. मोजायला सोपं जातं एवढं खरं. शिवाय कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला दोन चपटी टोकं आणि त्याच्या पुढच्या हाडाला करवतीसारखे दाते असतात, म्हणजे डोक्याकडून धरायलाही जागा सुरक्षित नाही.

जिवंत मासा जाळीनेच उचला. हाताने धरायची वेळ आलीच तर जाड ओल्या फडक्यात, पाठीचे काटे मागच्या बाजूला दाबून. काटा लागलाच तर शिंगाळ्याचा काटा लागल्यावर जो ठणका उठतो तसाच उठतो. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर काढा, जखम धुवा आणि तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने माशांच्या विषातली प्रथिनं निकामी होतात, म्हणून वेदना उतरते. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, धडधाकट हाताने तपासा, दुखरा हात अंदाज चुकवतो आणि भाजण्याची भीती असते. सूज वर चढू लागली, श्वासाला त्रास वाटला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय सोडून डॉक्टर गाठा.

भाऊबंद वेगळे काढा

इथे बहुतेक जण फसतात, म्हणून जरा थांबू.

मोठ्या डोळ्यांचा ग्वेयू (सिनिपर्का क्नेरी) हा सगळ्यात जवळचा नातलग, यांगत्से आणि तिच्या दक्षिणेकडच्या पाण्यात दोघे एकत्रही सापडतात. विक्रेते दोघांनाही एकाच नावाने विकतात. फरक जबड्यात आहे: याचं वरच्या जबड्याचं हाड डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचत नाही. नावाप्रमाणे डोळाही मोठा. आणखी खात्री हवी असेल तर गाल पाहा. आपल्या माशाच्या गालावर खवले असतात, याच्या गालाचा खालचा भाग उघडा असतो. हा वाढतोही सावकाश, म्हणून शेततळ्यात त्याला फारसं कोणी विचारत नाही.

ठिपकेवाला ग्वेयू (सिनिपर्का शेर्झेरी) अंगाने सडपातळ, आणि त्याच्या अंगावर बिबट्यासारखी कडी-कडी असलेली ठिपक्यांची नक्षी. त्याला दगडगोट्यांचं, जास्त वाहतं पाणी आवडतं. कोरियात याला ‘सोगारी’ म्हणतात आणि तिथल्या गळवाल्यांचा तो लाडका. हान नदीत त्याचा एक सोनेरी अवतार सापडतो, ‘ह्वांगसोगारी’. त्याला १९६७ पासून नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे, म्हणजे पकडणं गुन्हा.

बाजारात आणखी एक गल्लत होते ती ‘अमेरिकन बास’शी. तो चीनमध्ये प्रचंड प्रमाणात पाळला जातो. त्याच्या कुशीवरून एक आडवा काळसर पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत जातो, पाठीवर उंचवटा नसतो आणि टपात तो सतत फिरत राहतो. खरं तर एवढ्यावरूनच ओळखता येतं: फिरतोय तो बास, बसलाय तो ग्वेयू.

जपानमधल्या मराठी मित्रांसाठी: तिथे या कुळातला ‘ओयानिरामी’ हा छोटा मासा आहे, कल्ल्याच्या झाकणावर डोळ्यासारखा निळसर ठिपका असलेला. त्याचा नर बोरूच्या काडीला चिकटवलेली अंडी राखत बसतो. ग्वेयूच्या घरात असली बापमाया नाही.

पाण्यात कुठे पाहाल

उत्तरेला आमूर आणि उसुरी, दक्षिणेला पर्ल नदी, मध्ये यांगत्से आणि तिला जोडलेली पोयांग, डोंगटिंग, ताइहू अशी विशाल तळी: हा त्याचा पसारा. तिबेटच्या पठारावर तो नाही. चीन-रशिया सीमेवरच्या खांका सरोवरातही तो आहे, मात्र रशियाच्या बाजूला दुर्मीळ झाल्यामुळे तिथल्या संरक्षित यादीत आहे.

नकाशावर जागा सापडली तरी पाण्यात सापडेलच असं नाही. पाणी निवळ हवं, संथ वाहतं किंवा तळ्याचं, आणि भरपूर प्राणवायूचं. त्यात काठाशी पाणगवत, बुडालेली झाडं, दगडांच्या फटी किंवा जुन्या घाटाच्या पायऱ्या असल्या तर तिथे बघा. आपल्याकडे मरळ शोधताना जसं गवताच्या कडेला नजर लावतो तसंच, फक्त मरळ हवा घ्यायला वर येते म्हणून दिसते, हा येत नाही. दिवसा तो तळातल्या खड्ड्यात अंग टेकून पडलेला असतो. यांगत्सेच्या खोऱ्यातले जुने कोळी उथळ तळ्यात उतरून पायाने असे खड्डे चाचपत आणि मासा पकडत. सतरा विषारी काटे आणि अनवाणी पाय! मी हे प्रथम ऐकलं तेव्हा सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. पण मासा इतका गच्च बसून राहतो की हे जमत असे.

आता मात्र गळ किंवा जाळं घेऊन निघण्याआधी एक लक्षात घ्या. १ जानेवारी २०२१ पासून यांगत्सेचा मुख्य प्रवाह, महत्त्वाच्या उपनद्या आणि पोयांग-डोंगटिंग या तळ्यांत दहा वर्षांची मासेमारीबंदी आहे. हौशी गळवाल्यांना काय चालतं हे गावागणिक बदलतं, ते तिथे विचारूनच घ्या. कोरियातही सोगारीसाठी मे-जूनच्या सुमारास विणीची बंदी असते.

ऋतू आणि घटका

थंडीत तो खोल पाण्यात उतरतो आणि सुस्तावतो, पण खाणं पूर्ण सोडत नाही. आमूरच्या खोऱ्यात तळी सोडून मुख्य नदीत जाऊन हिवाळा काढतो. वसंतात पाणी तापायला लागलं की काठाकडे येतो. आठव्या शतकातल्या एका तांगकालीन कवीने पीचच्या फुलांच्या दिवसांतल्या वाढत्या पाण्याबरोबर ग्वेयू गलेलठ्ठ होतो असं लिहून ठेवलंय आणि शाळकरी पोरांनाही ती ओळ पाठ असते. ती नुसती कविकल्पना नाही. फुलांचा बहर मार्च-एप्रिलचा, यांगत्सेकडची वीण मेच्या मध्यापासून पुढे. म्हणजे मासा तेव्हा अंडी धरून, चरबी साठवून तयार असतो.

वीण वाहत्या पाण्यात, बहुधा रात्री, पाऊस होऊन पाणी चढल्यावर. पाणी साधारण २१ अंशांच्या वर गेलेलं लागतं. मादी एकाच वेळी सगळी अंडी टाकत नाही, टप्प्याटप्प्याने टाकते. अंडी दीड मिलिमीटरच्या आसपास, आत तेलाचा थेंब. प्रवाहात ती तरंगत वाहतात, पाणी थांबलं की तळाशी बसतात. धरणांनी या माशाचं काय केलं असेल ते एवढ्यावरून कळेल.

दिवसाची वेळ विचाराल तर दिवस मावळताना आणि रात्री. भर दुपारी काठावर बसून त्याची वाट पाहणं म्हणजे घुबडाची वाट पाहणं.

शिकार करताना पाहा

हे पाहायला नदी लागत नाही, एखाद्या मत्स्यालयातली काचेची टाकी पुरते. उजेड मंद असेल अशी टाकी निवडा आणि निदान वीस मिनिटं थांबायची तयारी ठेवा.

पहिल्यांदा काहीच घडत नाही. मग छोटा मासा जवळून गेला की डोळा फिरतो, फक्त डोळा. त्यानंतर अंग सावजाच्या दिशेला वळतं, इतकं हळू की आपल्याला शंका यावी. परांच्या कडा थरथरतात आणि तो तरंगत पुढे सरकतो. पाठलाग नाही. अगदी जवळ आल्यावर जबडा उघडतो, पाणी आत खेचलं जातं आणि समोरचा मासा दिसेनासा होतो. पुन्हा स्तब्ध.

त्याच्या डोळ्याला बारकावे फारसे दिसत नाहीत, पण अंधुक उजेडात हालचाल अचूक कळते. पूर्ण अंधार असेल तर कुशीवरची संवेदनरेषा पाण्याचे हेलकावे टिपते. आणि तोंडात घेतल्यावरही निवाडा बाकी असतो: चव आणि स्पर्श माशाचा नसेल तर थुंकून टाकतो. म्हणूनच टाकीत कोरडं खाद्य टाकणाऱ्या हौशी माणसाचा मासा उपाशी मरतो.

ही खोड जन्मापासूनची. बहुतेक माशांची पिल्लं सुरुवातीला पाण्यातले सूक्ष्म जीव खातात. ग्वेयूचं पिल्लू चार-पाच मिलिमीटरचं असताना तोंड उघडतं आणि पहिला घास म्हणून दुसऱ्या माशाचं पिल्लूच मागतं, तेही जवळजवळ स्वतःच्याच लांबीचं. लहानपणी सावज शेपटीकडून पकडतो, मोठेपणी डोक्याकडून गिळतो, कारण डोक्याकडून घातलं की समोरच्याचे काटे आपोआप मिटतात. वेळेवर खाद्य मिळालं नाही तर ही पिल्लं एकमेकांना खातात. त्यामुळे बीजकेंद्रात दोन पाळणे एकाच वेळी हलवावे लागतात: ग्वेयूची पिल्लं तोंड उघडतील त्याच सुमाराला वूचांग ब्रीमसारख्या मऊ अंगाच्या माशाची अंडी फुटली पाहिजेत. एका दिवसाची चूक म्हणजे अख्खी खेप गेली.

पुढे तळ्यातही तेच. एक किलो ग्वेयू वाढवायला साधारण चारेक किलो जिवंत मासे लागतात. ग्वांगडोंगमध्ये हे चाऱ्याचे मासे म्हणून जे पाळतात त्यांत आपला मृगळ आहे! भारतीय उपखंडातला मासा तिकडे नेऊन वाढवला आणि त्याची पोरं ग्वेयूच्या तोंडी दिली. भंडारा-गोंदियाच्या तळ्यांत मृगळाला जो मान आहे तो आठवून मला तिथल्या तळ्याकाठी जरा वाईटच वाटलं होतं.

वूहानच्या ह्वाजोंग कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी ही खोड मोडायचा मार्ग काढला आहे. संधिप्रकाशात आधी जिवंत मासे, मग मेलेले पण पाण्यात पडताना हलणारे, मग माशाचे तुकडे आणि शेवटी माशासारखेच लांबट, मऊ कृत्रिम खाद्य, अशी सवय लावत नेतात. सगळे मासे शिकत नाहीत.

घरी पाळायचा मोह

आवरा. जपानमध्ये हा आणि कोरियन सोगारी दोघेही घातक परकीय जातींच्या यादीत आहेत, जिवंत बाळगणंच बेकायदा. भारतात कोणी ‘दुर्मीळ चिनी पर्च’ म्हणून पिल्लू देऊ केलं तर परवानगीचे कागद मागा, आणि ते नसतील तर पाठ फिरवा. बंदी असलेल्या थाई मांगुराने आपल्याकडच्या पाण्यात काय केलं ते ताजं आहे. शिवाय या माशाला प्लीहा आणि मूत्रपिंड सडवणारा एक विषाणू होतो. तो ग्वांगडोंगच्या ग्वेयूतच आधी ओळखला गेला आणि इतर माशांनाही लागतो.

विकत घेताना आणि साफ करताना

जिवंतच घ्या. बसलेला मासा आजारी नसतो हे आता तुम्हाला माहीत आहे, मग तपासायचं काय? जाळी जवळ नेली की त्याने झटका दिला पाहिजे आणि सगळे काटे ताठ उभे केले पाहिजेत. कडेला पडून तिरका झालेला, किंवा पृष्ठभागावर येऊन धापा टाकणारा घेऊ नका. वजन ‘जिन’मध्ये सांगतात, एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम. एका ते दीड जिनचा मासा वाफवायला नेमका.

काटे विक्रेत्यालाच कात्रीने कापायला सांगा. घरी करायचं असेल तर मासा मेल्यावरही काटे सांभाळूनच कापा, विष लगेच उतरत नाही. खवले बारीक असल्यामुळे सुरीपेक्षा चमच्याच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खरवडले की नीट निघतात. आलं आणि कांद्याची पात घालून कडक वाफेवर आठ-दहा मिनिटं पुरतात. मांसात रोहूसारखे बारीक काटे नसतात, पाकळ्या सुटतात, म्हणून लहान पोरांना बिनघोर देता येतो. चिंच-लसणीचं आंबटही मी करून पाहिलं, चांगलं झालं, पण एवढा महाग मासा मसाल्यात बुडवल्याबद्दल शेजारच्या आजीने मला सुनावलं ते सुनावलंच. सुझोऊची तळून गोड-आंबट रस्सा ओतलेली ‘खार-मासा’ (खार म्हणजे झाडावरची, मीठ नव्हे) ही पद्धत आणि आन्ह्वेई प्रांतातल्या ह्वेइझोऊचा आंबवून वास आणलेला ग्वेयू, हे दोन्ही बाहेरच खावेत.

पोट फाडाल तेव्हा आतडी लगेच फेकू नका. जठराच्या टोकाशी बोटांसारख्या बारीक नळ्यांचा दाट घोस दिसेल, ओल्या शेवयांचा पुंजका असावा तसा. त्या नळ्या शंभराच्या वर, बरेचदा दोनशेच्याही वर भरतात. मोठ्या डोळ्यांच्या भावंडात शंभराच्या आतच असतात. बाजारात जबडा नीट पाहता आला नव्हता, विक्रेता घाईत होता आणि गालावरचे खवले दिसले नव्हते, तर आपण नक्की कोणता मासा आणला ते इथे मोरीपाशी कळतं.